सिकंदर : टाळ्यांच्या पलीकडे

१० नोव्हेंबर २०२३ला फुलगावात सिकंदर शेखने शिवराज राक्षेला अर्ध्या मिनिटाच्या आत चितपट केले. मी सोलापुरात एका टपरीवर मोबाईल धरून उभा होतो. चहा हातात येण्याआधीच कुस्ती संपली. मोहोळच्या हमालाचा पोरगा महाराष्ट्र केसरी झाला! मग मेसेज सुरू झाले. त्यातल्या निम्म्यांत ‘आपला सिकंदर’ होता, कुस्ती कुठेच नव्हती.

हे नवीन नाही. जानेवारीत पुण्याच्या कोथरूडमध्ये महेंद्र गायकवाडने त्याच्यावर बाहेरची टांग मारली. पंचांनी महेंद्रला चार गुण दिले आणि वाद पेटला. सिकंदरची पाठ धोक्याच्या स्थितीत गेलीच नाही, म्हणून दोनच गुण हवेत, असे अनेक जाणकारांचे म्हणणे होते. आमच्याकडे मात्र त्या वादाला लगेच धर्माचा रंग चढला. खोटे कशाला बोलू, तसला एक मेसेज मीही पुढे ढकलला. नंतर लाज वाटली. कारण सिकंदरच्या बाजूने सगळ्यात मोठ्याने बोलत होते ते गावोगावचे पैलवान आणि कुस्तीशौकीन, आणि त्यांत बहुसंख्य हिंदूच होते. शिवाय महेंद्रही आपल्याच जिल्ह्याचा, मंगळवेढा तालुक्यातला.

म्हणून आज सिकंदरकडे फक्त पैलवान म्हणून पाहू या.

त्याची पहिली ताकद म्हणजे वेग. सलामी झाली की तो समोरच्याला विचार करायला वेळ देत नाही. फुलगावात त्याने झोळी बांधली. मान आणि पाय एकत्र आवळून समोरच्याची घडी करायचा हा डाव दिसायला सोपा, पण पकड क्षणभर जरी ढिली पडली तरी फसतो. शिवराजसारख्या गड्यावर तो लागला, याचा अर्थ हात तयार आहे. कोल्हापूरच्या गंगावेश तालमीतल्या मेहनतीची ती पावती. दुसरी ताकद धीराची. जानेवारीत एवढा गदारोळ होऊनही तो त्याच वर्षी परत उभा राहिला आणि निकाल पंचांच्या हातात ठेवलाच नाही. चितपटीवर वाद होत नसतो.

आता उणिवा. माझ्या नजरेला दोन दिसतात. तो अंगावर जातो तेव्हा त्याचा पुढचा पाय उघडा पडतो. गुण दोन की चार हा वाद बाजूला ठेवला तरी टांग लागली होती, हे मान्य करावेच लागेल. दुसरी उणीव लांबलेल्या कुस्तीची. फ्रीस्टाईलमध्ये तीन-तीन मिनिटांचे दोन डाव असतात. तिथे चितपट क्वचित होते. एकेक गुण जोडायचा आणि आघाडी राखायची, हा वेगळाच हिशेब आहे. जत्रेच्या मैदानात तो शिकता येत नाही. मैदानात बक्षीस मिळते, बुलेट मिळते, घर चालते. हमालाच्या घरातून आलेल्या पोराला ‘मैदाने सोड’ म्हणण्याचा अधिकार मला नाही. पण सतत मैदाने मारणाऱ्या शरीराला विश्रांती कधी मिळणार, हे विचारायलाच हवे.

२०२३ साली इराणचा अमीर हुसेन झारे १२५ किलोत जगज्जेता झाला. आपल्याकडे मात्र गदा खांद्यावर आली की प्रवास संपतो. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत कांस्य आणले, त्यानंतर महाराष्ट्राच्या एकाही पैलवानाला ऑलिंपिक पदक मिळालेले नाही. सिकंदरला मोजायचेच तर या फुटपट्टीने मोजावे.

राहिला ‘आपला’ हा शब्द. सोलापूर जिल्ह्यातल्या बोरामणीच्या एकाच घराने इस्माईल शेख (१९८०), आप्पालाल शेख (१९९२) आणि मुन्नालाल शेख (२००२) असे तीन महाराष्ट्र केसरी दिले. त्यांना खांद्यावर घेणाऱ्या गर्दीने नावे विचारली नव्हती. सिकंदरलाही तीच गर्दी मिळाली आहे. आपण त्याला मोहल्ल्यापुरता लहान करू नये. तो जिंकला तर टाळ्या वाजवाव्यात, हरला तर आधी त्याचा पाय कुठे होता ते पाहावे. पैलवानाचा खरा मान त्यातच आहे.