आरोग्य विम्याचा डेटा फुटला. भरपाई मागायची तर दाद कुठे?

‘पॉलिसीचा हप्ता थकलाय, आजच भरा, नाहीतर बंद पडेल,’ असा फोन येतो. समोरच्याला पॉलिसी नंबर माहीत, घरातल्यांची नावं माहीत, गेल्या वर्षी कशाचं ऑपरेशन झालं तेही माहीत. एवढं कंपनीशिवाय कोणाला ठाऊक असणार, असं वाटून माणूस पैसे पाठवून मोकळा होतो. ही माहिती भामट्याकडे कशी जाऊ शकते, हे स्टार हेल्थ प्रकरणात दिसलं.

सप्टेंबर २०२४ मध्ये या विमा कंपनीच्या ग्राहकांची कागदपत्रं टेलिग्रामवर सहज मिळत असल्याचं रॉयटर्स वृत्तसंस्थेने उघड केलं. नाव, पत्ता, फोन, ओळखपत्रांच्या प्रती, तपासण्यांचे रिपोर्ट, सगळंच. तीन कोटींहून जास्त ग्राहकांचा डेटा आपल्याकडे असल्याचा हॅकरचा दावा होता. आपल्यावर सायबर हल्ला झाल्याचं कंपनीने मान्य केलं आणि ती टेलिग्राम व हॅकरविरोधात मद्रास उच्च न्यायालयात गेली. पण कंपनीने केलेला दावा हा कंपनीचा. त्यातून ग्राहकाच्या हातात पैसा पडत नाही.

नव्या डेटा संरक्षण कायद्यात २५० कोटींपर्यंत दंड आहे, हे सगळीकडे छापून आलंय. तो दंड सरकारी तिजोरीत जातो, हे मात्र फारसं कोणी सांगत नाही. २०२३ च्या या कायद्यात ग्राहकाला भरपाई देण्याची तरतूदच नाही. उलट माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं भरपाई देणारं कलम ४३-अ तो काढून टाकतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम आले. त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये, हे कलम जाणार आहे. ग्राहकाच्या बाजूने पाहिलं तर हा सरळ तोटा आहे.

तोवर कलम ४३-अ चालू आहे. कंपनीने डेटा सांभाळण्यात हलगर्जी केली आणि त्यामुळे नुकसान झालं, हे दाखवता आलं तर ५ कोटींपर्यंतचा दावा राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढे चालतो. ते न्यायनिर्णय अधिकारी असतात. आजाराची माहिती या कलमाखाली संवेदनशील धरली जाते. पण तालुक्यातून मुंबईला मंत्रालयाच्या खेपा घालणं हे प्रत्येकाला परवडणारं काम नाही.

जवळची जागा म्हणजे जिल्हा ग्राहक आयोग. हप्ता घेऊन माहिती नीट सांभाळली नाही, म्हणून सेवेत कसूर, अशी तक्रार तिथे करता येते. आपण राहतो त्याच जिल्ह्यात ती चालते, वकील सक्तीचा नाही, आणि हप्त्यापोटी भरलेली रक्कम ५ लाखांच्या आत असेल तर फी लागत नाही. ई-जागृती पोर्टलवरूनही दाखल होते. एकाच गावात दहा-वीस जणांच्या पॉलिसी त्याच कंपनीच्या असतील तर आयोगाच्या परवानगीने सगळ्यांची मिळून एक तक्रार चालते. मुदत दोन वर्षांची. सप्टेंबर २०२४ पासून मोजली तर ती सप्टेंबर २०२६ मध्ये संपते. फसवणूक नंतर झाली असेल तर त्या तारखेपासून मोजा, असं म्हणता येतं. उशिराचं सबळ कारण असेल तर आयोग तो माफही करू शकतो.

विमा लोकपालाकडे जाऊन वेळ घालवू नका. ते दार मुख्यतः क्लेम आणि पॉलिसीच्या वादांसाठी आहे. पैसे गेले असतील तर मात्र सगळ्यात आधी, त्याच तासाला, १९३० वर फोन करा. मग पोलिसांत तक्रार द्या आणि तिची प्रत घ्या.

खरी अडचण पुराव्याची आहे. डेटा कंपनीकडूनच फुटला कशावरून, हा पहिला प्रश्न येणार. गावाकडे आधार, रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड एजंटच्या व्हॉट्सअ‍ॅपवर जातं, झेरॉक्सच्या दुकानात राहतं. कंपनीचा वकील नेमकं तिथेच बोट ठेवणार. म्हणून फोन करणाऱ्याने काय काय सांगितलं ते तारीख-वेळेसह लगेच लिहून ठेवा; कॉल रेकॉर्डिंग असेल तर उत्तमच. फक्त क्लेमच्या फाईलमध्येच असणारी एखादी गोष्ट तो बोलला असेल, तर तुमची बाजू बरीच भक्कम होते. आणि कंपनीला रजिस्टर पोस्टाने एक साधं पत्र टाका : माझी माहिती फुटली का, कोणती, आणि कधी? पावती जपून ठेवा. उत्तर आलं तर ते आयोगापुढे ठेवा, नाही आलं तर ती पावती ठेवा.