'घरचा माणूस' नको, हजेरी हवी

गेल्या महिन्यात दिंडोरी कोर्टाच्या आवारात एक तरुण आम्हाला भेटला. आयटीआय झालेला, तालुक्यातील एका कारखान्यात सात वर्षांपासून कामाला. पाळी संपल्यावर रोज दोन तास थांबावे लागते, त्याचा पैसा मिळत नाही, रविवारीही फोन येतो. तक्रार का केली नाही, असे विचारले तर म्हणाला, "साहेब, शेठ आम्हाला घरच्यासारखे वागवतात. बहिणीच्या लग्नाला 20 हजार दिले. त्यांना कसे विचारायचे?"

आम्ही तिथेच कागदावर हिशेब मांडला. त्याचा रोज 600 रुपये, म्हणजे तासाला 75. जादा तासाला कायद्याने दुप्पट, म्हणजे 150. रोजचे दोन तास आणि महिन्याचे 26 दिवस धरले तर 7,800 रुपये होतात. शेठची सारी माया तीन महिन्यांत फिटली होती. उरलेली वर्षे तो शेठला फुकट देत होता. (एवढे जादा काम कायद्याच्या मर्यादेतही बसत नाही, ते वेगळेच.) आणि त्याच शेठच्या मुलाच्या लग्नात हा घरचा माणूस दोन दिवस मंडपात खुर्च्या मांडत होता!

'आपण सगळे एक कुटुंब' हे वाक्य आज द्राक्षबागेपासून पुण्याच्या काचेच्या इमारतींपर्यंत ऐकू येते. आम्हाला त्याची भीती वाटते, कारण आमच्या आजोबा-पणजोबांनी ते दुसऱ्या शब्दांत ऐकले आहे. महार वतन म्हणजे दुसरे काय होते? वतनदार महाराला ना कामाची वेळ, ना कामाची यादी. सरकारचा आणि गावाचा हुकूम रात्री-अपरात्री यायचा. तो घरी नसेल तर घरातल्या दुसऱ्याने जायचे. मोबदला म्हणजे तुटपुंजी इनाम जमीन आणि दारोदार मागायचे बलुते. देणाऱ्याची मर्जी, घेणाऱ्याची लाचारी. 19 मार्च 1928 रोजी बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, ते याच बेहिशेबी चाकरीला हिशेब लावण्यासाठी. पुढे 12 आणि 13 फेब्रुवारी 1938 रोजी याच नाशिक जिल्ह्यात, मनमाडला, रेल्वेतील अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असल्याचे बजावले. ते मजूरमंत्री असताना आणलेल्या 1946 च्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतील कामाचा आठवडा 54 तासांवरून 48 तासांवर आला. जे घड्याळ बाबासाहेबांनी कामगाराच्या हाती दिले, ते आपण मोबाइलच्या एका रिंगवर परत करतो आहोत.

शिक्षणाने हे आपोआप सुटेल, अशा भ्रमात कुणी राहू नये. जुलै 2024 मध्ये पुण्यात 26 वर्षांच्या एका चार्टर्ड अकाउंटंट तरुणीचा मृत्यू झाला. कामाच्या ताणाने मुलगी गेली, असे आईने कंपनीला लिहिले. कंपनीने ते नाकारले. कामगार विभागाच्या तपासणीत मात्र ते कार्यालय 2007 पासून दुकाने कायद्याच्या नोंदणीशिवाय चालल्याचे आढळले.

दुसरी खोड पदव्या वाटण्याची. पगार तोच ठेवून कामगाराला 'सुपरवायझर' करायचे, म्हणजे ओव्हरटाइम मागायला तोंड उरत नाही. पोरगाही खूश, वस्तीवर पेढे वाटतो. आमचे सांगणे एवढेच की, न्यायालय पदाचे नाव पाहत नाही, तो प्रत्यक्ष काम काय करतो ते पाहते. पेठ-सुरगाण्याकडून छाटणी-थिनिंगला येणाऱ्या आदिवासी टोळ्यांना तर पदवीचीही गरज नसते. उचल दिली की तोंड बंद.

21 नोव्हेंबर 2025 पासून चार श्रम संहिता लागू झाल्या. त्यांवर आमचे आक्षेप पुष्कळ आहेत, ते पुन्हा कधी. पण जादा तासाला दुप्पट दर त्यांतही कायम आहे. तेव्हा वही ठेवा. आलो किती वाजता, सुटलो किती वाजता, रोज लिहा. रात्री अकराला आलेला साहेबाचा व्हॉट्सॲप संदेश पुसू नका. भारतीय साक्ष्य अधिनियम 2023 च्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र जोडले की तोही पुरावा होतो.

आता थोडे आपल्या घरात. आपलेच साहेब शिपायाला घरचा बाजार आणायला धाडतात. आपल्याच संस्थांत शिक्षिका 'चळवळीसाठी' म्हणून अर्ध्या पगारावर राबतात आणि जयंतीच्या वर्गणीत तिचे नाव पहिले असते. आणि आम्ही? आमच्याकडे दोन ज्युनिअर आहेत. 'शिकतोयस ना' म्हणत आम्हीही त्यांना रात्री आठपर्यंत बसवले, जाण्यायेण्याच्या भाड्यावर. बार कौन्सिलने ऑक्टोबर 2024 मध्ये ज्युनिअरांना ग्रामीण भागात किमान 15 हजार रुपये विद्यावेतन द्यावे, अशी शिफारस केली. ते परिपत्रक आमच्याच टेबलाच्या खणात पडून होते.

या महिन्यापासून त्या दोघांचे पैसे एक तारखेला बँकेत जातील, असे आम्ही ऑफिसात जाहीर केले. त्यातली मुलगी फाईल बांधता बांधता म्हणाली, "सर, मागच्या दोन वर्षांचे?" तिला अजून उत्तर द्यायचे आहे.