ज्ञान उघडे ठेवा, विद्यार्थ्याला उघडे पाडू नका

वस्त्यांमधल्या बुद्धविहारांत, समाजमंदिरांत आणि अभ्यासिकांमध्ये आज ठिकठिकाणी मोफत वर्ग चालतात. दहावीचे गणित, स्पर्धा परीक्षांची तयारी, संविधान, फुले-आंबेडकरी विचार. कोरोनाच्या काळापासून या वर्गांचे व्हिडिओ काढण्याची पद्धत रुळली आणि ती चांगलीच आहे. दिवसभर कामावर असणाऱ्या पोराला चुकलेला तास रात्री पाहता येतो. घरची भांडीकुंडी आवरून बसणाऱ्या मुलीला न समजलेला भाग तीनदा ऐकता येतो. इथपर्यंत कुणाचा वाद नाही. वाद आहे तो पुढे. हा व्हिडिओ फक्त वर्गातल्या विद्यार्थ्यांना द्यायचा, की युट्यूबवर जगासमोर टाकायचा?

आमची भूमिका स्पष्ट आहे. ज्या व्हिडिओत विद्यार्थी दिसतो किंवा ऐकू येतो, तो त्या वर्गापुरताच खाजगी राहिला पाहिजे. शिक्षकाचे व्याख्यान वेगळे रेकॉर्ड करून खुशाल सर्वांसाठी खुले करा. या दोन गोष्टींची गल्लत चळवळीतच होत आहे, म्हणून हा लेख.

आमच्यावर पहिला आक्षेप येतो तो असा : "हजारो वर्षे ज्ञान बंद ठेवणाऱ्या व्यवस्थेशी आपण लढलो आणि आता तुम्हीच व्हिडिओला कुलूप लावता?" ऐकायला हे जोरदार वाटते. पण मनुवादी व्यवस्थेने कुलूप कशाला लावले होते? ज्ञानाला. आणि चावी कुणाला दिली होती? जन्माने वरच्या ठरवलेल्यांना. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढून फुले दाम्पत्याने ते कुलूप तोडले. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीरावांनी प्राथमिक शिक्षणाची मागणी मांडली, तीही कष्टकऱ्यांच्या मुलांपर्यंत ज्ञान पोहोचावे म्हणून. आम्ही ज्ञानाला कुलूप लावा असे म्हणतच नाही. मूलभूत अधिकारांवरचे व्याख्यान, टक्केवारीची उदाहरणे, नोट्स, प्रश्नसंच हे सारे खुले करा. बाबासाहेबांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनाचा कॉपीराइट त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर साठ वर्षांनी, म्हणजे २०१६ अखेर संपला. ते लेखन वाचा, वाचून दाखवा, त्यावर बोला, पसरवा. पण मागच्या रांगेत बसून अडखळत प्रश्न विचारणारा मुलगा हा अभ्यासक्रमाचा भाग नाही. तो माणूस आहे. त्याचा चेहरा, त्याचे नाव, त्याची चूक ही समाजाची सार्वजनिक मालमत्ता कधीपासून झाली?

ज्ञान खुले करणे आणि विद्यार्थ्याला उघडे पाडणे यांतला फरक ज्याला दिसत नाही, त्याने वर्गात काय घडते ते नीट पाहावे. आपल्या वर्गात येणाऱ्या अनेकांच्या घरातली शाळेत जाणारी ही पहिली किंवा दुसरी पिढी. ते 'आणि' ऐवजी 'आनी' म्हणतात, 'पाणी' ऐवजी 'पानी' म्हणतात. त्यांची भाषा अशुद्ध नाही, ती त्यांच्या घराची भाषा आहे. पण शाळेने, कॉलेजने आणि मुलाखतीच्या खोलीने तिला कमीपणा चिकटवला आहे. समाजशास्त्रात बोर्द्यू याला सांस्कृतिक भांडवलाचा प्रश्न म्हणतो. वरच्या घरातून आलेल्याचे बोलणे हीच 'गुणवत्ता' ठरते आणि बाकीच्यांचे बोलणे हसण्याचा विषय. आपला वर्ग ही अशी एक जागा असते, जिथे या मुलाला हसणारे कुणी नसते. तो व्हिडिओ जगासमोर टाकला, की हसणाऱ्यांना आपण आपल्याच हाताने वर्गात आणून बसवतो. वीस सेकंदांचा तुकडा कापायचा, वर 'आरक्षणवाले भावी अधिकारी' असे लिहायचे आणि रील फिरवायची, एवढेच काम त्यांना उरते. आडनाव दिसले तर तेही लागत नाही.

नुकसान फक्त त्या एका मुलाचे होत नाही. कॅमेरा जगासाठी चालू आहे हे कळले, की पुढच्या तासाला प्रश्नच बंद होतात. आणि ज्या वर्गात प्रश्न बंद झाले तो वर्ग संपला, मग व्हिडिओ कितीही सुंदर असो. ऐकीव आहे, परंपरेने आले आहे, गुरूने सांगितले आहे, एवढ्यावरून काहीही स्वीकारू नका, असे भगवान बुद्धांनी कालामांना सांगितले. स्वतः तपासून पाहा म्हणाले. तपासायचे तर आधी चुकण्याची मोकळीक हवी. चुकीचा प्रश्न विचारता येईल अशी भिंतीआडची जागा हवी. खाजगी व्हिडिओ ही ती भिंत आहे.

दुसरी गोष्ट. आपल्या वर्गात फक्त गणित बोलले जात नाही. अडकलेल्या शिष्यवृत्तीबद्दल, वसतिगृहातल्या वागणुकीबद्दल, कॉलेजात जात विचारून खोली नाकारल्याबद्दल मुले बोलतात. मुली घरातल्या गोष्टी बोलतात. हे बोलणे विश्वासाने केलेले असते. उद्या हाच व्हिडिओ वसतिगृहाच्या अधीक्षकाने, घरमालकाने किंवा नोकरी देणाऱ्याने पाहिला, तर किंमत कोण मोजणार? चॅनेल चालवणारा कार्यकर्ता नाही मोजणार.

इथे आपल्या माणसांनाच प्रश्न विचारला पाहिजे. वर्ग विद्यार्थ्यांसाठी चालतो की चॅनेलसाठी? पाहुणे साहेब आले, की मुलांना रांगेत बसवून लाइव्ह करायचे, थंबनेलवर त्यांचे चेहरे लावायचे आणि सबस्क्राइबर मोजत बसायचे, हा प्रकार वाढतो आहे. देणगीदाराला पुरावा हवा असतो, असे सांगितले जाते. पुरावा म्हणून हजेरीचा आकडा द्या, निकाल द्या, हिशोब द्या. गरीब पोराचा चेहरा ही पावती नाही.

संमतीचे काय? 'मुलांना विचारले होते, ती हो म्हणाली' हे उत्तर पुरेसे नाही. मोफत शिकवणाऱ्या सरांना विद्यार्थी नाही कसे म्हणेल? उपकाराच्या ओझ्याखाली दिलेला होकार हा होकार नसतो. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निकाल दिला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती हा नियम केला. संविधानाचा वर्ग घ्यायचा आणि समोर बसलेल्याचा अनुच्छेद २१ विसरायचा, हे आंबेडकरवाद्यांना शोभत नाही.

आता दुसऱ्या बाजूच्यांशीही बोलू. 'खाजगी' हा शब्द उचलून काही जण आपली सोय पाहतात. त्यातले पहिले धंदेवाले. चळवळीच्या नावाने मुले गोळा करायची आणि मग तेच तास ॲपमध्ये बंद करून फी लावायची. ते विद्यार्थ्याचे रक्षण नाही, दुकानदारी आहे. आम्ही म्हणतो ती खाजगी वाटणी विद्यार्थ्याला फुकट मिळते, आणि तिच्या शेजारी खुले व्याख्यान असतेच.

दुसरे अधिक धोकादायक. 'वर्गातले वर्गातच राहू द्या' असे म्हणत शिक्षकाच्या जातीयवादावर पांघरूण घालणारे. २०२१ च्या एप्रिलमध्ये आयआयटी खरगपूरच्या ऑनलाइन वर्गात एका प्राध्यापिकेने अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग विद्यार्थ्यांच्या पूर्वतयारी अभ्यासक्रमातल्या मुलांना शिवीगाळ केली. ते जगाला कळले कारण त्या वर्गाचा व्हिडिओ बाहेर आला. त्यानंतर माफी आली, निलंबन झाले. तो व्हिडिओ 'खाजगी' म्हणून दाबला गेला असता तर? म्हणून नीट समजून घ्या. खाजगीपणाचा हक्क कमजोर बाजूचा, म्हणजे विद्यार्थ्याचा आहे. सत्ता वापरून अपमान करणाऱ्याला तो ढाल म्हणून वापरता येणार नाही. अन्याय झाला तर विद्यार्थ्याला तक्रार समितीकडे, आयोगाकडे, पोलिसांकडे तो व्हिडिओ पुरावा म्हणून नेता आलाच पाहिजे. आमचा नियम आमच्या शिक्षकांनाही लागू आहे.

खाजगी वाटणीचा आणखी एक फायदा आहे. शिकवताना आपण महागड्या पुस्तकांतली पाने दाखवतो. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या फोटोकॉपीच्या दुकानावर ऑक्सफर्ड, केंब्रिजसारख्या प्रकाशकांनी खटला भरला, तेव्हा २०१६ साली दिल्ली उच्च न्यायालयाने कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मधली शिक्षणासाठीची सवलत मान्य केली. खटला झेरॉक्सचा होता, व्हिडिओचा नव्हता. पण त्याचा गाभा 'शिकवण्याच्या ओघात' हा होता. शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यापुरते वाटलेले साहित्य या गाभ्याच्या जवळ राहते. तेच पान चॅनेलवर जगासाठी टाकले, की आपण स्वतःहून ती जागा सोडतो.

अडचण एकच खरी आहे, आणि ती मान्य करून सोडवली पाहिजे. खाजगी म्हणजे गरिबासाठी आणखी एक दरवाजा होऊ नये. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीनुसार २०१७-१८ मध्ये ग्रामीण भागातल्या साधारण १५ टक्केच घरांत इंटरनेटची सोय होती, शहरांत साधारण ४२ टक्के. त्यानंतर फोन वाढले, पण एका घरात एक फोन आणि तो बापाच्या किंवा भावाच्या खिशात, ही स्थिती गेलेली नाही. मुलीला त्यावर व्हिडिओ बघायचा तर आधी परवानगी मागावी लागते.

म्हणून कामाची पद्धत अशी ठेवावी. कॅमेरा फळ्याकडे, पाठ विद्यार्थ्यांकडे, माईक शिक्षकाच्या कॉलरला. प्रश्नोत्तराला रेकॉर्डिंग थांबवा. प्रश्न महत्त्वाचा असेल तर शिक्षकाने तो आपल्या शब्दांत पुन्हा सांगून उत्तर द्यावे, नाव न घेता. ऑनलाइन तास असेल तर फक्त बोलणाऱ्याचे चित्र रेकॉर्ड होईल असे पाहा, नाहीतर सगळ्यांचे चेहरे आणि नावे चौकटींत येतात. युट्यूबवर 'अनलिस्टेड' म्हणजे खाजगी नव्हे. ज्याच्या हाती लिंक पडेल तो पाहू शकतो आणि पुढे पाठवू शकतो. खरोखर खाजगी हवे तर 'प्रायव्हेट' ठेवून विद्यार्थ्यांचे ईमेल जोडा, किंवा ड्राइव्हच्या फोल्डरमध्ये नावानिशी परवानगी द्या. ज्याचा ईमेल नाही त्याचा काढून द्या, तेही शिक्षणच आहे. ज्याच्याकडे फोन नाही त्याच्यासाठी रविवारी विहारात तोच तास पडद्यावर दाखवा. आणि वर्ष संपले, की विद्यार्थी दिसणारे व्हिडिओ पुसून टाका. विद्यार्थी मध्येच 'माझा भाग काढा' म्हणाला, तर कारण न विचारता काढा.

कुणी म्हणेल, पुढे पाठवणारा पाठवणारच. मान्य. कुलूप तोडता येते म्हणून कुणी दार उघडे टाकून झोपत नाही. वर्गाच्या पहिल्या दिवशी नियम सगळ्यांनी मिळून ठरवा आणि मुलांनाच त्याचे राखणदार करा. आपल्या सोबत्याची अब्रू जपणे हे बंधुतेचे पहिले प्रात्यक्षिक आहे.

बाबासाहेबांना शाळेत वेगळे, गोणपाटावर बसवले गेले. सगळा वर्ग त्यांना पाहत होता, पण त्यांना वर्गाचा भाग मानत नव्हता. आपल्या मुलांना आपण असा वर्ग देऊ, जिथे ते आधी वर्गाचे असतील. जगासमोर कधी यायचे, कोणत्या नावाने यायचे, काय बोलत यायचे, हे त्यांचे ते ठरवतील. चॅनेलवाले नाहीत, आणि आम्हीही नाही.

नमो बुद्धाय! जय भीम!