टॅपरूममधला लिंबू सोडा

आमच्या ऑफिसात कुणाची बढती झाली, कुणी नोकरी सोडली किंवा एखादं काम हातावेगळं झालं की बैठक ठरते मुंढव्याच्या नाहीतर कोरेगाव पार्कातल्या एखाद्या ब्रूअरीत. पूर्वी हीच मंडळी थाळी खायला जायची. मी पीत नाही, पण जातो. आणि दर वेळी कुणीतरी नवीन पोरगा विचारतोच, "सर, धर्मामुळे की तब्येतीमुळे?"

पुण्यातल्या या क्राफ्ट बीअरची सुरुवात, गंमत बघा, आमच्या कोंढव्याच्या शेजारी झाली. २००९ मध्ये महंमदवाडीच्या बाजूला, कोरिंथियन्स हॉटेलात ‘डूलाली’ सुरू झाली. जागेवरच बीअर बनवायची आणि तिथेच ताजी प्यायला द्यायची, असा तो प्रकार. नंतर मुंढव्यात ‘इंडिपेंडन्स’ आली, कोरेगाव पार्कात ‘एफिंगट’ आली. आता तर नुसत्या मधापासून मीड बनवणारेही पुण्यात आहेत.

डूलाली हा शब्द आपल्या नाशिकजवळच्या देवळालीचा. तिथल्या छावणीत मुदत संपलेले गोरे सैनिक मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत महिनोन् महिने पडून असायचे आणि कंटाळून वेडेपिसे व्हायचे. त्यावरून इंग्रजीत ‘डूलाली टॅप’ म्हणजे डोकं फिरणं. यातला टॅप म्हणजे नळ नव्हे, आपला ताप. हे मी टेबलावर सांगितलं तेव्हा पिणाऱ्यांपैकी एकालाही माहीत नव्हतं.

मला या जागांचं कुतूहल आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. काचेमागे स्टीलच्या टाक्या असतात. एकदा तिथल्या ब्रूअरने सगळं समजावून सांगितलं. मोड आणून वाळवलेलं जव भरडून गरम पाण्यात ठेवायचं, म्हणजे त्यातल्या पिठाची साखर होते. ते गोड पाणी गाळून हॉप्सची फुलं घालून उकळायचं, त्याने कडवटपणा आणि वास येतो. मग थंड करून यीस्ट टाकायचं. यीस्ट साखर खातं आणि तिची दारू करतं. बेल्जियन विटबिअरमध्ये धणे आणि संत्र्याची साल पडते, हे ऐकून मला अम्मीचा मसाल्याचा डबा आठवला. म्हणजे यीस्ट पडेपर्यंत ते निव्वळ जवाचं गोड पाणी असतं. त्याने छोट्या ग्लासात थोडं दिलं. गरम, दाट, भाजलेल्या धान्याच्या चवीचं. आखातात राहून आलेल्यांना बार्बिकनसारखी बिनदारूची माल्ट पेयं ठाऊक असतील. त्यांची ही सख्खी बहीण.

एवढं कसब ज्यांच्या हातात आहे, ते न पिणाऱ्याला काय देतात? लिंबू सोडा. नाहीतर डब्यातला ज्यूस. बीअरच्या पाटीवर दहा नावं, प्रत्येकाखाली चवीचं वर्णन, आणि आमच्यासाठी शेवटच्या पानावर दोन ओळी. जवापासून, कोकमापासून, आल्यापासून बिनदारूचं काही चांगलं बनवणं या लोकांना अवघड नाही. मागणाराच नाही असं त्यांना वाटतं. पण त्या टेबलावर मी एकटा कधीच नसतो. शुगरवाला असतो, गाडी चालवणारा असतो, चतुर्थीचा उपास असलेली असते, आणि नुसतंच आवडत नाही म्हणणाराही असतो. त्यांना कारण विचारत नाहीत, किंवा विचारलं तरी एकदाच. माझ्या सोड्याकडे मात्र अख्ख्या कौमची भूमिका म्हणून बघतात.

याहून विनोदी गोष्ट कायद्याची आहे. १९४९ चा दारूबंदी कायदा महाराष्ट्रात अजून लागू आहे. प्यायला परवाना लागतो. देशीसाठी दिवसाचे दोन रुपये, विदेशीसाठी पाच, आयुष्यभराचा हजारात. आणि तो मिळतो प्रकृती टिकवण्यासाठी! म्हणजे कायद्यानुसार न पिणं हीच सामान्य स्थिती. कारण द्यायचं ते पिणाऱ्याने. टेबलावर ते मला द्यावं लागतं.

आता दुसरी बाजू. एका पार्टीचा फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर पोचला आणि मामूंचा फोन आला, "बेटा, तू तिथे काय करत होतास?" मी म्हटलं, सोडा पीत होतो. त्यांना पटलं नाही. दारूच्या दस्तरखानावर बसूच नये, असं ते म्हणाले. त्यांचं म्हणणं हलकं नाही, ती शिकवण मीही ऐकली आहे. पण माझ्या ऑफिसात पुढचं काम कुणाकडे जाणार, हे बऱ्याचदा त्या टेबलावरच्या गप्पांत ठरतं. उठून गेलो तर नुकसान माझं. दस्तरखान मी मांडलेलं नाही, आणि तिथून उठायला सांगणाऱ्यांनी दुसरी नोकरी दिलेली नाही.

आणि आपल्याच घरात काय चाललंय? आपली पोरं पितात. सगळी नाही, पण पितात, आणि वेलची चघळत घरी येतात. "बीअर म्हणजे दारू थोडीच" हे मी मशिदीच्या पायऱ्यांपासून दहा पावलांवर ऐकलंय. द्राक्षाखेरीज इतर पेयांवर जुन्या हनफी फकीहांत वाद झाला होता खरा, पण पुढे फतवा बंदीच्याच बाजूने गेला, हे त्या पोरांना कुणी सांगत नाही. सांगायचं तर आधी ती पितात हे मान्य करावं लागेल. त्यापेक्षा सोडा पिणाऱ्याला फोन करणं सोपं.

एक भांडण मात्र मी जिंकलो. बिल समान वाटलं जायचं. दोन वर्षं मी पिचर्सचे पैसे भरले, चिंधी वाटू नये म्हणून गप्प राहिलो. रात्री झोप यायची नाही, पैसा कशात गेला म्हणून. मागच्या वेळी सरळ म्हणालो, "खाण्याचं बिल वेगळं करा, त्यातला माझा हिस्सा मी देतो." क्षणभर शांतता. मग उपासवाली म्हणाली, "बरं झालं बोललात, माझंही वेगळंच करा." शुगरवाल्यानेही हात वर केला.

पुढच्या शुक्रवारी पुन्हा एकाची बढती आहे. मगरिब उरकून येतो, असं कळवलंय.