सगळ्या यंत्रांना चालणारा कंट्रोलर : चमक नव्हे, वीण पाहा

"सगळ्याला चालेल असे कापड द्या," असे गिऱ्हाइकाने म्हटले की जाणता व्यापारी थान उलगडण्याआधी विचारतो, "सगळ्याला म्हणजे कशाकशाला?" सदऱ्याचे कापड गादीच्या खोळीला टिकत नाही आणि खोळीचे कापड अंगाला टोचते. हीच विचारपूस आज एका वेगळ्या मालाच्या बाबतीत करण्याची गरज आहे. तो माल म्हणजे व्हिडिओ गेम खेळण्याचा वायरलेस कंट्रोलर. मुले त्याला जॉयस्टिक म्हणतात, कोणी रिमोटही म्हणतात.

मोबाईलच्या ॲक्सेसरीज विकणाऱ्या आपल्या अनेक बांधवांच्या दुकानांत हा माल आता काचेच्या कपाटात दिसू लागला आहे. हजार-दीड हजारापासून वीस हजारांच्या आसपास त्याची किंमत जाते. खेळात वेळ घालवावा की नाही, हा वाद येथे नको. तो घरोघरच्या वडीलधाऱ्यांनी मिटवावा. परंतु ज्या मालावर कष्टाचा पैसा खर्च होतो, त्याची पारख विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला असलीच पाहिजे. माझे मत असे आहे की या मालात आज चमक विकली जाते आणि वीण कोणी पाहत नाही. त्याचे नुकसान गिऱ्हाइकाचे होते आणि पुढे दुकानाच्या साखेचेही.

'सर्व यंत्रांसाठी' म्हणजे काय?

खोक्यावर 'मल्टी-प्लॅटफॉर्म' असे छापलेले असते. याचा अर्थ बहुतेक वेळा इतकाच असतो की हा कंट्रोलर संगणक, अँड्रॉइड फोन, आयफोन आणि निन्टेन्डोचा स्विच यांपैकी काहींवर चालतो. सोनीचे प्लेस्टेशन आणि मायक्रोसॉफ्टचे एक्सबॉक्स या दोन यंत्रांची गोष्ट निराळी आहे. या कंपन्यांनी आपापल्या दाराला आपापले कुलूप लावले आहे. प्लेस्टेशन ५ वर त्या यंत्रासाठी बनलेले गेम जुन्या प्लेस्टेशन ४ च्या ड्युअलशॉक कंट्रोलरने खेळता येत नाहीत. त्यावर फक्त प्लेस्टेशन ४ चे गेम चालतात. म्हणजे एकाच कंपनीचा जुना माल नव्या मालाला चालत नाही, तेथे परक्याचा कसा चालावा? एक्सबॉक्सच्या कंट्रोलरमध्ये ब्लूटूथ असले तरी एक्सबॉक्स यंत्राशी तो कंपनीच्या स्वतःच्या बिनतारी पद्धतीने बोलतो. त्यामुळे नुसते ब्लूटूथ असलेला दुसरा कंट्रोलर तेथे जोडला जात नाही. शिवाय नोव्हेंबर २०२३ पासून मायक्रोसॉफ्टने परवाना नसलेली उपकरणे एक्सबॉक्सवर बंद पाडण्यास सुरुवात केली.

म्हणून गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न हाच विचारावा : घरी कोणते यंत्र आहे? प्लेस्टेशन ५ असेल तर त्याचाच ड्युअलसेन्स घ्यावा. तो संगणकावर आणि फोनवरही चालतो. एक्सबॉक्स असेल तर त्याचा कंट्रोलर घ्यावा. तोही संगणकावर आणि फोनवर चालतो. ज्यांच्याकडे फक्त संगणक, फोन किंवा स्विच आहे, त्यांनाच इतर कंपन्यांच्या मालाचे मोकळे मैदान आहे. या तिन्ही घरांत सहज जाईल असा एकच कंट्रोलर शोधणे व्यर्थ आहे. मधले ॲडाप्टर मिळतात, पण जोडाला जोड दिलेल्या कपड्यासारखी ती व्यवस्था असते. कंपनीने उद्या यंत्राची आज्ञावली बदलली की शिवण उसवते.

आणखी एक बारकावा आहे. स्विचच्या कंट्रोलरवर ए आणि बी या बटणांची जागा एक्सबॉक्सच्या उलट असते. तसेच स्विचच्या कंट्रोलरचे मागचे ट्रिगर फक्त चालू-बंद एवढेच जाणतात. एक्सबॉक्स आणि प्लेस्टेशनचे ट्रिगर किती दाबले तेही ओळखतात. गाडी चालवण्याच्या गेममध्ये पाय हळू दाबायचा की जोरात, हा फरक तेथेच पडतो. गाड्यांचे गेम खेळणाऱ्या मुलाला स्विचसाठी बनवलेला कंट्रोलर संगणकाकरिता देणे म्हणजे लग्नाच्या शेरवानीला मांजरपाट देणे होय.

कच्चा रंग धुतल्यावर कळतो

या मालाचा सर्वांत मोठा ऐब म्हणजे ड्रिफ्ट. अंगठ्याने फिरवायची जी स्टिक असते, तिला कोणी हात लावलेला नसतानाही पडद्यावरचा माणूस आपोआप एका बाजूला चालू लागतो. कारण सोपे आहे. नेहमीच्या स्टिकखाली पोटेन्शिओमीटर असतो. कार्बनच्या पट्टीवर धातूचे टोक घासत फिरते आणि त्यावरून यंत्राला दिशा कळते. घासून घासून पट्टी झिजते, तेथे बारीक भुकटीही साचते आणि यंत्राला चुकीची खबर जाते. जुन्या रेडिओच्या आवाजाचे बटण खरखर करू लागते, त्याच जातीचा हा रोग आहे.

हा रोग स्वस्त मालालाच होतो, असा गैरसमज नसावा. निन्टेन्डोच्या जॉय-कॉनबद्दल २०१९ मध्ये अमेरिकेत दावा दाखल झाला. पुढे जून २०२० मध्ये कंपनीचे अध्यक्ष शुंतारो फुरुकावा यांनी भागधारकांपुढे ग्राहकांच्या गैरसोयीबद्दल दिलगिरी व्यक्त केली. मायक्रोसॉफ्टचा एलिट सिरीज २ हा कंट्रोलर २०१९ मध्ये सुमारे १८० डॉलरला बाजारात आला, तेव्हा त्याची वॉरंटी फक्त ९० दिवसांची होती. तक्रारी वाढल्यावर २०२० मध्ये ती एक वर्षाची करण्यात आली. सोनीच्या ड्युअलसेन्सवरही २०२१ मध्ये असाच दावा झाला. मोठे नाव म्हणजे पक्का रंग, हे समीकरण येथे खरे ठरत नाही.

उपायही बाजारात आहे. हॉल इफेक्ट नावाच्या तत्त्वावर चालणाऱ्या स्टिकमध्ये घासणारा भाग नसतो. लहान चुंबक फिरते आणि त्याच्या खुणेवरून सेन्सर दिशा ओळखतो. हे तत्त्व एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये शोधले आणि सेगा कंपनीने १९९८ च्या ड्रीमकास्टच्या कंट्रोलरमध्ये ते वापरलेही होते. अलीकडे एटबिटडो, गुलिकिट यांसारख्या चिनी कंपन्यांनी मध्यम किमतीच्या मालात अशा स्टिक दिल्या आहेत. टीएमआर नावाचा त्याहून कमी वीज खाणारा चुंबकीय प्रकारही आला आहे. चुंबकीय स्टिकमध्येही स्प्रिंग सैल होऊ शकते, तेव्हा ती अमर आहे असे सांगून विकू नये. पण झीज होणारे मुख्य स्थान तेथे नाही, हे खरे आहे. खोक्यावर दिव्यांची संख्या वाचण्यापेक्षा स्टिक कोणत्या जातीची आहे, हे आधी वाचावे.

बदल करता येतो, पण कशात?

'कस्टमायझेबल' हा शब्दही असाच ताणला जातो. सात रंगांचे दिवे बदलता येणे हा काठाचा जर आहे. कापड त्याखाली असते. उपयोगाचे बदल चार आहेत. एक, मागच्या बाजूला जादा बटणे असणे आणि कोणते बटण काय काम करील हे आपण ठरवू शकणे. दोन, स्टिकची उंची किंवा तिचा ताण बदलता येणे. तीन, ट्रिगर किती दाबला की काम व्हावे, हे ठरवता येणे. चार, झिजलेला भाग काढून नवा बसवता येणे.

माझ्या मते चौथा बदल सर्वांत मोलाचा आहे आणि जाहिरातीत त्याचेच नाव सर्वांत कमी घेतले जाते. सोनीने जानेवारी २०२३ मध्ये ड्युअलसेन्स एज आणला, त्यात संपूर्ण स्टिकचा भाग हाताने काढून सुमारे २० डॉलरचा नवा बसवता येतो. मात्र मूळ कंट्रोलरची किंमत तेव्हा २०० डॉलर होती, हेही ध्यानात ठेवावे.

केलेले बदल कंट्रोलरच्या स्वतःच्या स्मृतीत राहतात की फक्त संगणकातील ॲपमध्ये, हेही विचारावे. ॲपमध्येच राहत असतील तर दुसऱ्या यंत्राला जोडताच सगळी मेहनत वाया जाते. ज्या घरात एखाद्या मुलाचा हात अधू आहे, तेथे तर बटणांची जागा बदलता येणे ही चैन नसून गरज आहे. अशा मुलांसाठी मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये ॲडाप्टिव्ह कंट्रोलर आणि सोनीने २०२३ मध्ये ॲक्सेस कंट्रोलर खास बनवले. ही माहिती दुकानदाराला असावी. एखाद्या आईबापाचा मोठा शोध त्यामुळे वाचेल.

वायरलेसमध्येही दोन रीती आहेत. ब्लूटूथ फोनला सोपे पडते. संगणकावर जलद गेम खेळणाऱ्याला २.४ गिगाहर्ट्झचा छोटा डोंगल बरा, कारण बटण दाबल्यापासून पडद्यावर काम होईपर्यंतचा विलंब त्यात सहसा कमी असतो. डोंगल मात्र हरवू नये. तो ठेवण्याची खाच कंट्रोलरमध्येच असेल तर उत्तम. बॅटरीचेही तसेच. एक्सबॉक्सचा साधा कंट्रोलर दोन डबल-ए सेलवर चालतो. जुनाट वाटेल, पण सेल संपले तर कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात आणि चार्ज होणारे सेलही घालता येतात. आतली लिथियम बॅटरी सोयीची खरी, पण काही वर्षांनी ती थकते. तेव्हा ती बदलता येईल का, हे आजच विचारलेले बरे.

बिल, हमी आणि कायदा

माझ्या नात्यातील एका मुलाने शहरातील एका दुकानातून कंट्रोलर घेतला. दहाव्या दिवशी स्टिक वाहू लागली. दुकानदाराने भिंतीवरील पाटीकडे बोट दाखवले : 'इलेक्ट्रॉनिक माल परत घेतला जाणार नाही.' अशा पाट्या आपल्या बाजारातही कमी नाहीत. त्या लावणाऱ्यांनी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ वाचावा. जुलै २०२० पासून तो अमलात आहे. बिल न देणे ही त्यात अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर तीस दिवसांत, परत घेण्यास नकार देणे हीदेखील अनुचित प्रथाच आहे. पाटीने कायदा पुसला जात नाही.

यावर काही बंधू म्हणतील, "आम्ही ऐब सांगत बसलो तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाईल." जाईल, मान्य आहे. पण शेजाऱ्याकडून रडत परत येईल तेव्हा ते कोणाचे दार ठोठावील? कापडाच्या बाजारात सेकंड माल सेकंड म्हणून विकणाऱ्या पेढ्या दोन-दोन पिढ्या उभ्या राहिल्या. फ्रेश सांगून सेकंड खपवणारे दिवाळीच्या हंगामापुरते उजळले. या मालातही वेगळे घडणार नाही.

दुकानदाराने एवढे करावे : विकण्याआधी कंट्रोलर संगणकाला जोडून दाखवावा. विंडोजमध्ये गेम कंट्रोलर तपासण्याची खिडकी असते. स्टिक सोडल्यावर खूण मध्यभागी स्थिर राहते की नाही, हे दोन मिनिटांत गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर दिसते. बिलावर मॉडेल, स्टिकचा प्रकार, कोणत्या यंत्रांवर चालतो आणि हमीची मुदत लिहून द्यावी. कोरे बिल हे भांडणाचे आमंत्रण असते.

कारागिरांसाठी रोजीचे दार

शेवटची गोष्ट आपल्या मोबाईल दुरुस्त करणाऱ्या तरुण कारागिरांसाठी. साध्या कंट्रोलरची झिजलेली स्टिक डझनाहून अधिक टाके उकलून काढावी लागते आणि नवी, शक्य तर चुंबकीय, झाळून बसवावी लागते. त्यानंतर तिचे कॅलिब्रेशन करावे लागते. ज्याचा हात मोबाईलच्या बोर्डावर बसला आहे, त्याला हे हुन्नर कठीण नाही. सुटे भाग स्वस्त आहेत आणि नवा कंट्रोलर महाग आहे. या दोहोंमधल्या अंतरातच कारागिराची मजुरी असते. तरीही हे काम करणारे हात थोडे आहेत, म्हणून चांगला माल कचऱ्यात जातो. प्रत्येक बाजारपेठेतील दोन-चार तरुणांनी हे काम नीट शिकून घेतले, तर गिऱ्हाइकाचा पैसा वाचेल आणि त्यांच्या घरी चार पैसे जादा जातील.

तात्पर्य, घेणाऱ्याने यंत्र सांगावे, विकणाऱ्याने ऐब सांगावा आणि कारागिराने दुरुस्ती शिकावी. कंट्रोलर कितीही नवा असला तरी तिजारतीचे हे तीन धागे जुनेच आहेत.