माळा आणि मांडव

बोरी अरबसारख्या वऱ्हाडांतील गांवीं ज्वारीच्या राखणीसाठीं शेतांत घातलेला माळा कोणास ठाऊक नाहीं? चार मेढी, वर पाल्याचें छप्पर. पीक घरीं आलें कीं त्याचें काम संपलें. कोंकणांत ‘शनवार तेली’ म्हणून ओळखिल्या गेलेल्या मराठीभाषी बेने इस्राएल समाजांत असाच तात्पुरता मांडव ‘सुक्कोथ’ या सुगीच्या सणास घालतात. यहुदी तिश्री मासाच्या १५ व्या तिथीपासून, म्हणजे आपल्या भाद्रपद किंवा आश्विन पौर्णिमेच्या सुमारास, तो सात दिवस चालतो. छपराखालीं उन्हापेक्षां सावली अधिक हवी, तरी रात्रीं तारे दिसावेत, असा दंडक आहे. प्रार्थनेच्या वेळीं महाळुंग व खजुरीची कोवळी झावळी हातीं घेतात. मिसर देशांतून सुटल्यावर पूर्वज चाळीस वर्षें रानांत खोपटांत राहिले, त्याची ही आठवण. कणगी भरली असतां पक्कें घर सोडून पाल्याखालीं जेवावयाचें, यांतच सणाचें मर्म आहे. १९४८ नंतर या समाजांतील बहुतेक कुटुंबें इस्राएलांत गेलीं. मांडवाची चाल मात्र तेथेंही आहे. वाचकहो, नवें धान्य आपल्याही घरीं येतें; परंतु माळ्यावर रात्री जागून काढणाऱ्याची आठवण आपल्या पंक्तींत कोण काढतो?