खुर्ची आणि तारीख

चळवळीतला माणूस एखाद्या कंपनीच्या संचालक मंडळावर जाऊन बसला, की आपल्याकडे दोनच प्रतिक्रिया येतात. अर्धे म्हणतात, "विकला गेला." उरलेले म्हणतात, "आला एकदाचा ताळ्यावर!" मला दोन्हींचा कंटाळा आलाय. सगळ्यांचं लक्ष खुर्चीवर. माणूस तिथे बसून करतो काय, हे कोण बघणार?

लिऑन सलिवन यांचंच घ्या. फिलाडेल्फियाचे कृष्णवर्णीय पाद्री. १९६० मध्ये शहरातल्या चारेकशे पाद्र्यांच्या साथीने त्यांनी बहिष्कार सुरू केला. जी कंपनी आमच्या पोरांना धड नोकरी देत नाही, तिचा माल आम्ही घेणार नाही! टेस्टी बेकिंग ही केक बनवणारी कंपनी सुरुवातीलाच वाकली. पुढे १९६२ मध्ये त्यांनी आपल्या चर्चमधल्या लोकांना दरमहा १० डॉलर असे ३६ महिने गुंतवायला लावले. त्यातून घरं झाली, १९६८ मध्ये प्रोग्रेस प्लाझा हे बाजार संकुल झालं. म्हणजे गुंतवणूक हा त्यांच्या चळवळीचाच पुढचा टप्पा होता.

१९७१ मध्ये ते जनरल मोटर्सचे पहिले कृष्णवर्णीय संचालक झाले. आणि त्याच वर्षी भागधारकांच्या सभेत उभं राहून म्हणाले, कंपनीने वर्णभेदी दक्षिण आफ्रिका सोडावी. ठराव अर्थातच आपटला. मग १९७७ मध्ये त्यांनी तिथल्या अमेरिकन कंपन्यांसाठी नियमावली आणली. जेवायला वेगळ्या जागा नकोत, समान कामाला समान पगार, वरच्या पदांवर काळी माणसं. पहिल्यांदा १२ कंपन्यांनी सह्या केल्या.

यावर टीका झाली, आणि ती खोटी नव्हती. वर्णभेदाचा कायदा जागच्या जागी, कंपन्यांना मात्र तिथे राहायला सबब मिळाली. आपल्या देशाने तर १९४६ मध्येच दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला होता, मग यांना एवढी वर्षं का लागावी? खरंय. पण सरकार हुकूम काढू शकतं. मंडळातल्या एकट्या संचालकाच्या हातात काय असतं?

त्याच्या हातात तारीख असते! १९८५ मध्ये सलिवन यांनी जाहीर केलं, दोन वर्षांत वर्णभेद गेला नाही तर कंपन्यांना बाहेर पडा म्हणेन. मुदत ३१ मे १९८७. वर्णभेद गेला नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी खरोखरच तसं सांगितलं. दहा वर्षं जी नियमावली त्यांच्या नावाने ओळखली गेली, ती पुरेशी नाही हे जगापुढे बोलायला केवढी छाती लागते!

आता आजचे 'नैतिक गुंतवणूक'वाले बघा. माहितीपत्रकावर हिरवं पान, आत गुणांकन. सेबीने २०२२-२३ पासून पहिल्या १००० नोंदणीकृत कंपन्यांना पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल सक्तीचा केला, चांगलंच झालं. पण "अमुक तारखेपर्यंत सुधारणा नाही, तर आम्ही शेअर विकून निघू" हे वाक्य त्या माहितीपत्रकात शोधा बघू. कंपनीशी आमची चर्चा चालू आहे, एवढं नक्की सापडेल. कधीपर्यंत, ते विचारायचं नाही!

तेव्हा मंडळी, घरातल्या कुणाला असा फंड विकायला कोणी आलं, तर परताव्याआधी तारीख विचारा. ती नसेल तर ती नैतिकता नाही, नुसतं पॅकिंग आहे.

असो.